दुसरी टाकी का येत नाही: उज्ज्वला गॅसजोडणीचं परीक्षण

गॅसच्या शेगड्यांची परीक्षणं वाचायला भरपूर मिळतात. काच बरी की स्टील, तीन बर्नर घ्यावेत की चार, एवढ्याच प्रश्नांवर ती संपतात. इथे वेगळ्या गॅसबद्दल लिहायचं आहे. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून ज्या घरात पहिल्यांदा लाल टाकी आली, त्या घरात ती वस्तू म्हणून कशी चालते? किती दिवस पुरते, कुठे अडते, आणि पहिली टाकी संपल्यावर दुसरी आणायला इतका उशीर का होतो? हा प्रश्न धुराचा आहे, जंगलाचाही आहे. पण त्याची किल्ली घरात रोख पैसा कधी आणि किती येतो यात आहे.

गरीब घरांना गॅसजोडणी देणारी ही केंद्राची योजना 1 मे 2016 ला उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 ला आपल्या औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) दिली गेली. 10 ऑगस्ट 2021 पासून दुसरा टप्पा आला आणि जोडण्यांचा आकडा आता दहा कोटींच्या पुढे आहे. म्हणजे टाकी घरात पोचवण्याचं काम झालं, आणि ते मोठं काम आहे. कमी दिसतो तो दुसरा आकडा. 2019-20 मध्ये उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी तीनच टाक्या भरल्या गेल्या. 2024-25 मध्ये ही सरासरी साडेचारच्या जवळ आली. सुधारणा खरी आहे. ती पुरेशी का नाही, ते हिशेबाने पाहू.

काय मिळतं

घरातल्या प्रौढ बाईच्या नावावर जोडणी मिळते. त्या घरात आधीची गॅसजोडणी नसावी, ही अट. टाकी, रेग्युलेटर, नारंगी सुरक्षा नळी आणि गॅसचं पुस्तक यांची अनामत व जोडणीचा खर्च सरकार भरतं. दुसऱ्या टप्प्यापासून शेगडी आणि पहिली भरलेली टाकीही मोफत आहे. आधी शेगडी आणि पहिल्या टाकीचे पैसे कर्जाऊ असायचे आणि पुढच्या अनुदानातून कापले जायचे. म्हणजे सुरुवातीच्या ज्या टाक्यांना सवलतीची सर्वात जास्त गरज, त्याच पूर्ण भावाने घ्याव्या लागत. ती चूक दुरुस्त झाली, हे चांगलं झालं. घर सोडून कामाला गेलेल्यांना पत्त्याचा पुरावा आणि रेशनकार्डाऐवजी स्वतःचं लेखी निवेदन चालतं, हीसुद्धा दुसऱ्या टप्प्यातली उपयोगी सोय.

जोडणी तीन तऱ्हेची मिळते: 14.2 किलोची एक टाकी, 5 किलोची एक टाकी, किंवा 5 किलोच्या दोन टाक्या. हा पर्याय एजन्सीत बहुतेक वेळा सांगितलाच जात नाही. 14.2 ची एक टाकी लिहून दिली जाते आणि विषय संपतो. पुढची निम्मी अडचण इथेच ठरून जाते, कारण घरात टाकी एकच. ती रात्री आठला संपली की भाकऱ्या थांबत नाहीत. चूल पेटवावीच लागते. चूल ठेवायची म्हणजे सरपण साठवायचं, आणि सरपण घरात आहे म्हटल्यावर टाकीचा नंबर लावायची घाई राहत नाही. शहरातल्या दोन टाक्यांच्या घराला ही साखळी माहीतच नसते. तिथे एक संपली की दुसरी लागते आणि रिकामीचा नंबर त्याच दिवशी लागतो.

किती पुरते

पाच माणसांच्या घरात दोन वेळचा स्वयंपाक, दोनदा चहा, म्हणजे भाकरी, भात, कालवण एवढं धरलं तर दिवसाला साधारण 300 ग्रॅम गॅस लागतो. 14.2 किलोची टाकी सत्तेचाळीस दिवस जाते. वर्षाला 110 किलोच्या आसपास, म्हणजे पावणेआठ टाक्या. हा झाला फक्त स्वयंपाक.

आता अंघोळीचं पाणी. माणशी पंधरा लिटर, पाच माणसांचं पंचाहत्तर लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचं तर शेगडीच्या साठ टक्के कार्यक्षमतेने सुमारे 230 ग्रॅम गॅस जळतो. महिन्याला जवळपास सात किलो, अर्धी टाकी! म्हणून ज्या घरात अंघोळीचं पातेलं गॅसवर चढतं, तिथे टाकी सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत संपते आणि मग सगळे म्हणतात, ‘गॅस कमी भरलेला होता.’ गॅस बहुतेक वेळा बरोबर भरलेला असतो. तो पाण्यात गेलेला असतो.

साडेचार टाक्या म्हणजे 63-64 किलो. त्यात वर्षाच्या स्वयंपाकाचा साधारण सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्के भाग निघतो आणि अंघोळीचा थेंबही तापत नाही. उरलेलं सगळं चुलीवर. कागदावर घर ‘गॅसधारक’, प्रत्यक्षात घरात दोन्ही विस्तव.

यात आरोग्याचा भाग नीट समजून घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषानुसार हवेतले सूक्ष्म कण (पीएम 2.5) चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला 15 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. चुलीच्या बंद घरात स्वयंपाकाच्या वेळी ते शेकड्यांत जातात. धूर निम्मा झाला तर आजार निम्मा होईल असं होत नाही. फुप्फुसाला, हृदयाला होणारा अपाय धुराच्या खालच्या पातळीलाच वेगाने चढतो, वरच्या पातळीला त्याची चढण मंदावते. त्यामुळे दोन वेळांपैकी एक वेळ चूल पेटत राहिली तर गॅसवर केलेल्या खर्चाचा आरोग्यात मिळणारा परतावा फार थोडा येतो. शेजारच्या तीन घरांत चुली असतील तर आपल्या गॅसच्या घरातही धूर येतोच. एका घरापुरती ही वस्तू कधीच पूर्ण काम करत नाही, वस्तीभर लागते.

सरपण फुकट नाही

‘लाकूड फुकट मिळतं, गॅसला पैसे लागतात’ हे वाक्य सरकारी कार्यालयापासून पारापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. हिशेब असा. साध्या चुलीत लाकडातली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते. एका टाकीतला गॅस जेवढं अन्न शिजवतो, तेवढ्याला दोनशे किलोच्या आसपास वाळलं लाकूड लागतं. डोक्यावरची मोळी वीस-पंचवीस किलोची. म्हणजे एक टाकी म्हणजे आठ ते दहा मोळ्या. रान जवळ असलं तरी जाणं, वेचणं, तोडणं, बांधणं, आणणं यात मोळीमागे अर्धा दिवस जातो. टाकीमागे चार-पाच दिवस झाले.

रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 साठी 312 रुपये होती. एप्रिल 2025 मधल्या पन्नास रुपयांच्या वाढीनंतर मुंबईत टाकीचा भाव 852 रुपये 50 पैसे झाला. उज्ज्वलाचं 300 रुपये अनुदान धरलं तर साडेपाचशे. पावणेतीन दिवसांची मजुरी भरायची आणि त्यातली एका दिवसाची नंतर खात्यात परत यायची. मोळ्यांचे चार-पाच दिवस पाहता गॅस सरळ स्वस्त पडतो.

मग घेत का नाहीत? कारण तो मोळीचा दिवस विकला जात नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, मेळघाटात, जव्हार-मोखाड्यात फेब्रुवारीनंतर बाईच्या हातात वेळ असतो आणि काम नसतं. तिच्या वेळेला बाजारात भाव नाही, आणि टाकीवाल्याला वेळ चालत नाही. त्याला टाकीचे सगळे पैसे रोख हवेत, एकदम. आठवड्याच्या बाजारापुरते पैसे हातात येणाऱ्या घरात एवढी रक्कम एकदम बाजूला पडणं ही वेगळीच गोष्ट आहे. तेल लोक पन्नास रुपयांचं आणतात, चहापत्ती दहाच्या पुडीत आणतात. फक्त गॅस पन्नास रुपयांचा मिळत नाही. शिवाय रोकड बहुधा पुरुषाच्या खिशात आणि मोळी बाईच्या डोक्यावर. खर्च एकाचा, सुटका दुसऱ्याची. घरातल्या घरातली ही विषमता कुठल्याच अनुदानाच्या तक्त्यात येत नाही, पण टाकीचा नंबर कधी लागणार हे तीच ठरवते.

भाव चढला की काय होतं तेही पाहिलेलं आहे. 2020 च्या मध्यापासून अनुदान जवळपास शून्यावर आलं. जुलै 2022 मध्ये मुंबईत टाकी 1052 रुपये 50 पैशांना होती, मार्च 2023 मध्ये 1102 रुपये 50 पैशांना. मे 2022 मध्ये उज्ज्वलासाठी 200 रुपये आणि ऑक्टोबर 2023 मध्ये 300 रुपये अनुदान आलं. दोन वर्षं चूल पुन्हा पूर्णवेळ पेटली की सरपणाची वाट पुन्हा रुळते, आणि भाव उतरल्यावर ती लगेच मोडत नाही.

जंगलाच्या बाजूने पाहा. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांना वनखात्याने जन-वन विकास योजनेतून अनुदानावर गॅस दिला. हेतू साफ होता: सरपणासाठी लोक जंगलात कमी जावेत, झाडोरा राहावा आणि वाघाशी गाठ पडू नये. या भागात सरपण, मोहफुलं, तेंदूपानं गोळा करायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली आहेत. तिथे एक टाकी वेळेवर न येणं म्हणजे आठ-दहा वेळा रानात जाणं. याहून स्पष्ट शब्दांत या वस्तूचं मोल सांगता येणार नाही.

आणि ‘गॅस हेही खनिज इंधनच, मग पर्यावरणाचं काय’ असं विचारणाऱ्यांसाठी. वर्षाला बारा टाक्या जाळणारं घर सुमारे 510 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. तेवढाच सुमारे 220 लिटर पेट्रोलमधून निघतो. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी मोटार रोज नऊ किलोमीटर चालवली की वर्षाचा हिशेब तेवढाच भरतो. एका कुटुंबाचं वर्षभराचं जेवण एका बाजूला आणि कुणाचं तरी रोजचं भाजी आणायला, मुलाला क्लासला सोडायला जाणं दुसऱ्या बाजूला. गरीब घराच्या गॅसकडे हवामानाचा प्रश्न म्हणून बोट दाखवू नये. उलट ओल्या लाकडाच्या धुरातलं काजळीचं कार्बन आणि तोडलेलं झाड धरलं तर चूलच जास्त महाग पडते.

भाकरी

हा भाग टाळून कुठलंही परीक्षण पूर्ण होणार नाही, कारण ‘गॅसवर भाकरी चांगली होत नाही’ ही तक्रार खरी आहे आणि तिचा उपायही आहे.

चुलीत जाळ तव्याला पसरून लागतो आणि बाजूच्या इंगळावर भाकरी उभी करून शेकता येते. गॅसचा जाळ तव्याच्या मधोमध लागतो. मोठा, खोलगट लोखंडी तवा लहान बर्नरवर ठेवला की मधे डाग पडतो आणि कडा कच्च्या राहतात. तवा मोठ्या बर्नरवरच ठेवावा. पहिल्यांदा पूर्ण जाळावर तीन-चार मिनिटं तापू द्यावा, मग जाळ मध्यम करावा. पाणी लावलेली बाजू सुकत आली की उलटून भाकरी तव्यावर पाव-पाव फिरवत राहावी. शेवटचा फुगा इंगळाऐवजी जाळीवर आणावा. दहा-वीस रुपयांची तारेची जाळी बाजारात मिळते. तिने दोन कामं होतात. भाकरी जाळापासून बोटभर वर राहते, आणि पीठ बर्नरवर पडत नाही.

हे पीठ फार त्रास देतं. ज्वारीचं-बाजरीचं पीठ बर्नरच्या भोकांत जाऊन जळतं, भोकं बुजतात, जोत पिवळी होते आणि भांड्याचं बूड काळं पडायला लागतं. निळ्या जोतीच्या टोकाला पिवळं दिसलं की समजावं, गॅस पूर्ण जळत नाही. टाकी लवकर संपायचं हे नेहमीचं कारण. आठवड्यातून एकदा, बर्नर थंड असताना टोपी काढून जुन्या दातांच्या ब्रशने झाडावी, भोकं बारीक पिनेने मोकळी करावीत, धुतली तर पूर्ण वाळवूनच बसवावी. आतल्या जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडात, मात्र सुई घालू नये. त्याचं भोक किंचित जरी मोठं झालं तरी जोत कायमची बिघडते आणि गॅस जास्त जातो. जेट बदलून घ्यावा, तो स्वस्त असतो.

झाकण ठेवून शिजवणं, डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवणं, उकळी आली की जाळ बारीक करणं, एवढ्याने टाकीमागे काही दिवस सहज वाढतात. प्रेशर कुकर असेल तर तूरडाळीच्या घरात फरक आणखी मोठा.

बसवताना काय चुकतं

पहिली चूक: शेगडी जमिनीवर ठेवणं. मातीच्या घरात ओटा नसतो, बसून स्वयंपाक करायची सवय असते, म्हणून टाकी उभी आणि शेगडी तिच्या शेजारी भुईवर. शेगडी टाकीच्या उंचीपेक्षा वर हवी. विटांवर फरशी टाकून ओटा करता येतो, दीड-दोन दिवसांचं काम आहे. टाकी नेहमी उभी, ओट्याच्या बाजूला. नळी दीड मीटरहून लांब नसावी आणि शेगडीच्या मागून, जाळाखालून जाऊ नये.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे, आणि उज्ज्वलाच्या घरांतच ती होते. त्याच खोलीत चूलही पेटलेली असते. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, भुईवर पसरतो, आणि चुलीचा विस्तव भुईवरच असतो. दोन्ही एका खोलीत ठेवायलाच लागत असतील तर टाकी दाराजवळ ठेवावी, खालून वारा वाहील अशी फट किंवा जाळी असावी, आणि चूल पेटलेली असताना टाकी बदलू नये. शक्य असेल तर चूल घराबाहेर पडवीत न्यावी. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघावेत. काडी ओढून बघणारे अजूनही आहेत, त्यांना तिथल्या तिथे थांबवावं. वास आला तर रेग्युलेटर बंद करून दार-खिडकी उघडावी, दिव्याचं बटण चालू-बंद करू नये, बाहेर येऊन 1906 वर फोन करावा.

टाकी घेताना तीन गोष्टी बघायच्या. सील शाबूत आहे का. टाकीच्या वरच्या पट्ट्यांवर आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे म्हणजे वर्ष. ‘बी 27’ म्हणजे जून 2027 पर्यंत त्या टाकीची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. तिसरं वजन. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच कोरलेलं असतं, त्यात 14.2 मिळवायचे. रिकामी 15.6 असेल तर भरलेली 29.8 भरली पाहिजे. गाडीवाल्याने काटा बाळगणं अपेक्षित आहे, मागावा. सील काढल्यावर आतलं रबरी वायसर जागेवर आहे का, फाटलेलं नाही ना, हेही तो असतानाच बघावं. टाकी लावल्याबरोबर वास येतो तेव्हा बहुतेक वेळा दोष याच वायसरचा असतो. नारंगी नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावरच छापलेली असते. 2016-17 च्या पहिल्या जोडण्यांमधल्या कित्येक नळ्या अजून तशाच आहेत.

पोच आणि पैसे

टाकीच्या भावात घरपोच देण्याचा आकार धरलेला असतो. गोदामातून स्वतः उचलली तर तेवढी रक्कम बिलातून वजा व्हायला हवी. पाड्यांवर घडतं ते उलट. गाडी फाट्यापर्यंतच येते, तिथून तीस किलोची टाकी जीपला किंवा दुचाकीला वेगळे पैसे देऊन वर न्यावी लागते. पावती मागावी आणि तीवर पोच आकार बघावा. टाकी वर न्यायचा हा पैसा थोडा वाटतो, पण वर्षाच्या सगळ्या टाक्यांवर तो बराच होतो.

नंबर लावल्यावर मोबाईलवर कोड येतो, तो टाकी हातात आल्यावरच सांगायचा. इथे एक अडचण वारंवार येते. रिचार्ज न झाल्याने जुना नंबर बंद पडतो, नवा घेतला जातो, आणि गॅसच्या पुस्तकाला जुनाच राहतो. सिम बदललं की पहिलं काम, एजन्सीत नंबर बदलून घेणं. अनुदान येत नसेल तर बँकेचं पासबुक घेऊन एजन्सीत जाण्यापेक्षा आधी आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते बँकेत बघावं. पैसे शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं बहुधा दुसऱ्याच कुठल्या योजनेसाठी उघडलेलं असतं. त्यानंतर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, पूर्ण आहे का पाहावं. अंगठा उमटत नसेल, आणि राबणाऱ्या हाताचा तो पुष्कळदा उमटत नाही, तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, ती मागावी.

कुणी कोणती घ्यावी

महिन्याचा पगार असलेल्या, रस्त्यालगतच्या घराने 14.2 ची टाकी घ्यावी. त्यात प्रश्न नाही. किलोला स्वस्त पडते आणि खेपा कमी.

रोजंदारीच्या घराला 5 किलोच्या दोन टाक्यांची जोडणी जास्त सोयीची आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका वेळी मोठ्या टाकीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे रुपये काढावे लागतात, सगळे एकदम नाही. एक टाकी सोळा-सतरा दिवस जाते, दुसरी भरलेली घरात असते, म्हणून चूल ‘तयार’ ठेवावी लागत नाही. एका हातात धरून चढ चढता येतो. अनुदान वजनाच्या प्रमाणात मिळतं, टाकीला शंभर-सव्वाशेच्या दरम्यान. उणेपण दोन. किलोमागे भाव किंचित जास्त, आणि पुष्कळ एजन्सींकडे भरलेल्या छोट्या टाक्या नसतातच. घेण्याआधी महिनाभर चौकशी करून बघावी, मागितली की लगेच मिळते का. मिळत नसेल तर हा पर्याय कागदावरच राहील. पंपावर, दुकानात विनाजोडणी मिळणारी पाच किलोची ‘छोटू’सारखी टाकी ही वेगळी वस्तू आहे. तिला घरगुती भाव आणि अनुदान लागू नाही, ती महाग पडते.

बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर आणखी वेगळं. दसरा-दिवाळीनंतर कुलूप लावून निघालं की टाकी अर्धं वर्ष घरात पडून, आणि कोपीपुढे (उसाच्या फडाजवळच्या झोपडीपुढे) तीन दगडांची चूल, तीही पहाटे फडावर निघायच्या आधी अंधारात. गावच्या एजन्सीची जोडणी कारखान्याच्या तालुक्यात सहज चालत नाही, बदली करून घ्यावी लागते. सहा महिन्यांसाठी ती करून परत करून घेणं कुणालाच जमत नाही. योजनेत सर्वात मोठं भगदाड इथे आहे.

अंघोळीच्या पाण्याबद्दल आमचा सल्ला असा. टाक्या वर्षाला आठपर्यंतच परवडत असतील तर गॅस फक्त शिजवण्याला ठेवावा आणि पाणी घराबाहेर, उघड्यावर, बंबात किंवा चुलीवर तापवावं. त्याला पऱ्हाट्या, तुराट्या वापराव्यात, झाड तोडायला लागत नाही. स्वयंपाकघरातला धूर पूर्ण बंद होणं महत्त्वाचं. 2025-26 साठी केंद्राने अनुदानाच्या टाक्या बारावरून नऊवर आणल्या. नऊ टाक्यांत पाच माणसांचा स्वयंपाक बसतो, अंघोळ बसत नाही, हे लक्षात ठेवूनच आखणी करावी.

राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून 2024 पासून उज्ज्वलाच्या घरांना वर्षाला तीन टाक्यांचे पैसे परत मिळतात: केंद्राच्या 300 वर राज्याचे 530. मदत चांगली आहे, पण आधी पूर्ण रक्कम भरायची आणि नंतर खात्यात यायची, म्हणजे एकरकमी रोकडीची अडचण जशीच्या तशी. महिन्याला एकाच टाकीला ती लागू होते. आणि तिची अट अशी की जोडणी 14.2 किलोचीच हवी. सोयीची म्हणून पाच किलोची घेतलेलं घर या मदतीतून बाहेर पडतं. त्यामुळे आज महाराष्ट्रात जोडणी घेणाऱ्या रोजंदारीच्या बाईला आम्हाला नाइलाजाने मोठीच टाकी घ्यायला सांगावं लागतं. तीन मोठ्या टाक्यांतला गॅस 42.6 किलो होतो, पाच किलोच्या साडेआठ टाक्या. तेवढाच पैसा, तेवढाच गॅस. शासन निर्णयातली वजनाची अट काढली आणि रक्कम परत करण्याऐवजी टाकी देतानाच वजा केली, तर त्या साडेआठ टाक्या घरात ज्या आठवड्यात लागतील त्या आठवड्यात येतील.